माळ्यावरचे कोरे टायर

माझ्या वडिलांकडे एक लाल, उघडी, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार आहे, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ती गाडी गल्लीच्या टोकापलीकडे का जात नाही, तेही सगळ्यांना पाठ आहे. तिला लागतात तसे टायर मिळत नाहीत. हे कारण आईने जन्मभर ऐकलं. मी ऐकलं, माझ्या सासरच्यांनी ऐकलं, एकदाच चहाला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा ऐकलं. त्यामुळे परवाच्या उन्हाळ्यात बाबा जेवता जेवता म्हणाले, "टायर वरतं आहेत ना, माळ्यावर. काढून दे मले," तेव्हा माझ्या हातातला वरणाचा डाव पातेल्याऐवजी चटईवर पडला.

"कोनते टायर?"

"गाडीचे. चारी कोरे आहेत. एकदाही लावले नाहीत."

मी नागपूरच्या महाल भागात अस्तर, फॉल, बटणांचं दुकान चालवते. दिवसभर माझं तोंड चालू असतं, गिऱ्हाईक एक बोललं तर मी चार बोलते.  पण त्या दुपारी तोंडातून निघालं ते एवढंच. "अवो बाबा, मंग इतके वर्षं लोकायले काय सांगून राहिले होते तुम्ही?"

"लावाचे टायर नाहीत, असंच सांगत होतो. हे लावाचे नव्हते. हे ठेवाचे होते."

आणि पुन्हा भात कालवायला लागले, बाप्पा! जसं काही मीच वेडी.

शिडी लावून मीच वर चढले. नागपूरचा मे महिना, वर टिनाचं छप्पर, माळा म्हणजे भट्टी. कोपऱ्यात पोत्यात शिवलेली चार गोल गाठोडी होती. ती मी पाहिली नव्हती असं नाही. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये ती होती, बाबा रिटायर होऊन नागपूरला माझ्याकडे आले तेव्हा सामानाबरोबर आली, आणि दरवेळी मी समजले की जुन्या गाद्या आहेत. क्वार्टरमध्ये त्या गाठोड्यांच्या बरोब्बर खाली माझी खाट असायची. उसवून पाहिलं तर पोत्याच्या आत आईचं जुनं सुती लुगडं, लुगड्याच्या आत वर्तमानपत्र, आणि त्याच्या आत काळाभोर टायर. पावडर लावलेला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, तेही तसेच उभे. आणि टायर तिरका केला तर आतून टपटप डांबरगोळ्या पडल्या! शालू जपतात तशा डांबरगोळ्या घालून या माणसाने टायर जपले होते.

आता हे सगळं अचानक का निघालं, ते सांगते. त्याच आठवड्यात मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं की कडेकडेचं दिसत राहील, पण समोर धरून पाहाल ते हळूहळू पुसट होत जाईल. इंजेक्शनं देऊ, थोपवता येईल तेवढं थोपवू. बाबांनी एकच प्रश्न विचारला. गाडी चालवता येईल का? डॉक्टर म्हणाले, आज येईल, दिवसाउजेडी, बरोबर कोणीतरी बसवून. पुढच्या वर्षी विचारू नका.

 दुसऱ्या दिवशी बाबांनी टायर मागितले. त्यांना त्या गाडीतून एकदा खापरखेड्याच्या कॉलनीच्या फाटकापर्यंत जायचं होतं, आणि परत यायचं होतं. स्वतः चालवत. बस, एवढंच.

बाबा तिथल्या वीज केंद्रात फिटर होते. गाडी त्यांना मिळाली जवळच्या कोळसा खाणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यामागे, कोंबड्यांनी अंडी घातलेली. साहेब गेला होता, बंगला रिकामा करायचा होता, आणि हे लोखंड कोणाला नको होतं. बाबांनी ती ओढून आणली आणि पुढची कितीतरी वर्षं तिच्यात घातली. इंजिन उतरवलं, चढवलं, तारांच्या चाकांतली एकेक तार बदलली. जुन्या ॲम्बॅसिडरचे झिजलेले टायर तिला बसायचे, त्यांच्यावर ती रविवारी गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि उलटी परत यायची. ते टायर ओझं वाहायचे आहेत, पळायचे नाहीत, असं बाबा म्हणायचे. खरे टायर मिळाले की मग पाहा!

आणि खरे टायर मिळाले होते, तरी त्यांनी सांगितलं नाही. मला राहून राहून संताप येत होता. मी म्हटलं, "आणले कवा होते हे?"

"तुह्या लग्नाच्या आधी. मुंबईहून पार्सलनं मागवले होते. तुले गाडीत बसवून मंडपात न्याचं होतं."

 माझ्या लग्नात मी भाड्याच्या गाडीतून गेले होते, तिचं दार दोरीने बांधलेलं होतं. सासूने त्यावरून कितीतरी वर्षं टोमणे मारले. आणि हा माणूस सांगून राहिला की तुझ्यासाठी टायर आणले होते!

"मंग लावले काहून नाही?"

"रस्त्यावर शेण होतं. मांडवाजवळ गिट्टी टाकली होती. नवे टायर एका दिवसात खराब झाले असते."

 मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं कळतही होतं, आणि म्हणून जास्त राग येत होता. बाबा विणकराच्या घरातले. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे आणि घडी करून गांधीबागेच्या कापडबाजारात व्यापाऱ्याकडे नेऊन द्यायचे. त्या घरात नवं कापड अंगावर घालायला नसायचंच. नव्याला बोट लागलं, डाग पडला, की व्यापारी ते बाजूला काढायचा. बाबा लहानपणी मागाजवळ जायचे तर आधी हात धुऊन, आणि हात मागे बांधून. घरातल्यांच्या अंगावर फाटकं आणि खुंटीवर कोरं, हेच त्यांनी पाहिलं. नवं म्हणजे ठेवायचं. मग ते लुगडं असो की टायर.

आमच्या घरात म्हणूनच कपबशांचा चांगला सेट कपाटात आणि चहा कान तुटलेल्या कपात. आई हसायची. म्हणायची, तुमच्या बाबांनी मलाही कपाटातच ठेवलं असतं, स्वयंपाक कोण करणार म्हणून बाहेर आहे. तिला त्या गाडीतून फिरायची फार हौस होती. हौस तशीच राहिली आणि ती गेली.

तर टायर खाली आले. बाबांनी पंक्चरवाल्याला घरीच बोलावलं. तो टायर चढवताना घामाघूम झाला. म्हणाला, "काका, लय कडक आहेत गा हे." बाबा ऐटीत म्हणाले, "नवे आहेत म्हणून." मीही मान डोलावली. काय कळत होतं मला तेव्हा? ते टायर इतके सुंदर दिसत होते की माझाही राग विरला. चंदेरी तारांची चाकं, काळे कुळकुळीत टायर, वर लाल गाडी. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला. उन्हं उतरली की पाचच्या सुमारास निघायचं ठरलं. मी बाजूला बसणार होते. डबा भरला, पाण्याच्या बाटल्या भरल्या.

गाडी अंगणात उन्हात उभी होती. बाबा एका बाजूला स्टुलावर बसून चाकाच्या तारा पुसत होते. मी ओट्यावर होते. आणि धडाम्म!

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आधी वाटलं शेजारचा सिलेंडर फुटला. अंगणभर पांढरी पावडर उडाली, आणि ती खाली बसली तर बाबा स्टुलावरून आडवे पडलेले, हातात फडकं.  बाबा गेले, एवढं एकच डोक्यात आलं.  गल्लीतली माणसं धावत आली. कोणी म्हणतं गॅस बंद करा, कोणी म्हणतं ॲम्ब्युलन्स बोलवा.

आणि बाबा उठून बसले. कानावर हात ठेवला, चष्मा शोधला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कोन फोडला?"

म्हणजे आम्हीच कोणीतरी फोडला! गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, टायरला कोणी हात लावला नव्हता. पलीकडच्या बाजूचा मागचा टायर नुसता उभ्या उभ्या फुटला होता. कडेला हातभर लांब चीर गेली होती आणि आतली ट्यूब फाटून लोंबत होती. माझ्या मनात हिशेब झाला. साडेपाचला आम्ही खापरखेड्याच्या वाटेवर, कोराडीच्या रस्त्यावर असतो. पुढे वीज केंद्राच्या राखेचे ट्रक, मागे राखेचे ट्रक, आणि उघड्या गाडीत मी आणि अंधूक नजरेचा माझा बाप. 

लोक पांगले, पाणी प्यायलो, आणि बाबा काय म्हणाले असतील? "एकच खराब निघाला. तीन चांगले आहेत. एक कुठून तरी आनू."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? तुम्ही आत्ता मेले असते! मी मेली असती!"

"मेलो का? नाही ना."

"तीन टायर काय वेगळ्या फॅक्टरीतून आले? एकाच माळ्यावर भाजले ना चारही?"

"नवे आहेत ते," बाबा म्हणाले. "हे पाह्य. एक केस तुटला नाही." आणि खरंच, त्या फुटलेल्या टायरवरसुद्धा रबराचे केस उभे होते.

पंक्चरवाल्याने चाकावरून उतरवून ठेवलेला तो टायर मी रागारागाने उचलला, त्यांच्या नाकासमोर धरला, आणि तेव्हा मला ते दिसलं. चिरेच्या आत कापड होतं. करड्या रंगाचे, एकाला एक लागून बसवलेले धागे. टायरच्या पोटात धागा असतो, हे इतकी वर्षं कापडाच्या धंद्यात असून मला ठाऊक नव्हतं. मी एक टोक धरून ओढलं. माझ्या दुकानात बायका जुनी पैठणी घेऊन येतात, बाहेरून झळाळती, आणि घडी उलगडली की रेघेवर फाटते. हाताला तसंच लागलं.

"बाबा," मी म्हटलं, "धागा पाहा बरं हा."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. धाग्याला त्यांना डोळे लागत नाहीत. त्यांनी तो दोन बोटांना गुंडाळला, कानाजवळ नेला आणि झटका दिला. आजोबा तसं करायचे, चांगला धागा तुटताना टक् वाजतो म्हणायचे. बाबांनी पुन्हा दुसरा धागा घेतला, पुन्हा झटका दिला.

"आवाजच नाही वं," ते म्हणाले. "सडला."

मग त्यांनी माझ्याकडून चाकू मागितला. मला वाटलं फुटलेला टायर अजून कापून बघायचा असेल. तर त्यांनी बाकीच्या तिन्ही टायरांतली हवा सोडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेकाच्या कडेला चाकू खुपसला! जो माणूस त्यांना शेण लागू देत नव्हता! रबर इतकं ठिसूळ झालं होतं की खापरीसारखं तडकत होतं. प्रत्येकातून त्यांनी एक धागा ओढला, कानाजवळ नेला, तोडला. तिसऱ्यानंतर हात धुतले, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. पांढरा शर्ट खुर्चीवर तसाच होता. मी तिथेच बसून रडले, आणि रागही येत होता, आणि कोणावर काढावा तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद ठेवून मी टायर शोधत फिरले. बाबांचे डोळे थांबणार नव्हते.

पहिल्या दुकानदाराने गाडीचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, चांगले चौडे टायर टाका. लूक येईल." मी विचारलं, वळताना मडगार्डला घासतील का? तर म्हणाला थोडं घासतील, मडगार्ड कापून घ्या. मडगार्ड काप म्हणे! बाबांनी त्याला कापलं असतं. दुसरा म्हणाला, आता ट्यूबवाले कोण लावतं, ट्यूबलेस न्या. तारांच्या चाकात प्रत्येक तारेपाशी भोक असतं, त्यात ट्यूबलेस लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. तिसरा जाणता वाटला. शांतपणे बोलला, चहा पाजला, आणि म्हणाला, या मापाचे रेडियल जातीचे टायर दोनच मिळतील. ते पुढे लावा, मागे ॲम्बॅसिडरचे राहू द्या, काही होत नाही. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

नशीब, आधी फोन केला. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या एका गृहस्थांचा नंबर मला मिळाला होता. आवाजावरून वय झालेले, स्वभावाने माझ्यासारखेच तापट. मी "पुढे रेडियल, मागे जुने" एवढं म्हणताच ते फोनवर असे ओरडले की त्या टायरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. "बाई, कोणाला मारायचंय तुम्हाला? पुढचा टायर वळणावर रस्ता धरेल, मागचा सोडेल, आणि गाडीचं ढुंगण पुढे येईल!"  पण का, ते मला हवं होतं. त्यांनी सांगितलं, जुन्या जातीच्या टायरात धागे एकमेकांवर तिरपे असतात, रेडियलमध्ये सरळ, या काठापासून त्या काठापर्यंत. दोघांची चाल वेगळी.

अरे, हे तर माझंच काम! तिरपं म्हणजे उरेब, आणि सरळ म्हणजे उभा धागा. उरेब कापड ताणलं जातं, उभं ताणलं जात नाही. एकाच ब्लाऊजचा पुढचा भाग उभा आणि मागचा उरेब कापला तर ते अंगावर कसं बसेल? आणि हे ब्लाऊज नव्हतं. यात माझा बाप बसणार होता.

घरी येऊन मी बाबांना ते सांगितलं. तीन-चार दिवसांत पहिल्यांदा ते उठून बसले. गाडीबरोबर मुळात उरेब धाग्याचेच टायर आले होते, म्हणून त्यांना तेच हवे होते. मी म्हटलं, ते सिमेंटच्या रस्त्यावरच्या खाचांमागे ओढले जातात, आणि तुम्हाला खाच दिसायची पंचाईत. असं तोंडावर बोलायला नको होतं, पण मी आहेच तशी. बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मंग उभा धागा घे. चारीले सारखाच. अन् स्टेपनीलेही."

अरुंद, उंच, रेडियल, ट्यूबचा, पाचही एका जातीचे. ठरलं. त्या गृहस्थांनी मला अजून एक शिकवलं. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. बाबांच्या टायरांवर तीनच होते. चार आकड्यांची पद्धत यायच्या आधीचे होते ते! मग मला नादच लागला. गल्लीतल्या उभ्या गाड्यांपाशी वाकून मी टायर वाचायची. आमच्याच गाडीची स्टेपनी, जी आम्ही कधी वापरली नव्हती आणि म्हणून निर्धास्त होतो, ती इतकी जुनी निघाली की माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. शेजारणीच्या मुलाने हौसेने घेतलेल्या जुन्या गाडीचे टायर मी वाचून दाखवले. ती शेजारीण अजून माझ्याशी धड बोलत नाही. न बोलो. मुलगा धडधाकट आहे ना?

एका व्यापाऱ्याने फोनवर फोटो पाठवले. नेमकं माप, नेमकी जात. खाली लिहिलं होतं, कधीही न लावलेले, गोदामात जपून ठेवलेले. फोटोत टायरवर पावडर होती. मी मोठा करून पाहिला आणि किंचाळलेच. तीन आकडे! बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "माह्यावानी कोनी तरी असन बिचारा."

शेवटी परदेशातून मागवावे लागले. लगेच येतील म्हणत म्हणत पावसाळा गेला, दसरा गेला. मी रोज फोन करून त्या माणसाचं डोकं खाल्लं. इकडे इंजेक्शनं चालू होती. बाबा सांगायचे नाहीत, पण मला कळत होतं. वर्तमानपत्र वाचताना मान तिरकी करायला लागले. चहाचा कप धरायला गेले की हात जरा बाजूला जायचा. टायर येतील तेव्हा डोळे असतील का, एवढंच माझ्या मनात रोज.

दिवाळीनंतर आले. मी साल पाहिलं, आठवडा पाहिला, पाचही टायरांचं. ताजे होते, रबर लोण्यासारखं मऊ. बाबांनी पंक्चरवाल्याला सांगितलं, आधी हात धुऊन ये. तो हसला, पण साबण लावून हात धुऊन आला. टायर चढले, चाकांचे मधले नट तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट केले. मी पांढरा शर्ट आणून दिला. बाबांनी तो घातला. मग ते गाडीपाशी उभे राहिले, मला अंगणाच्या फाटकाजवळ जाऊन उभं राहायला सांगितलं, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"हात वर कर," म्हणाले. मी केला.

"कोनता केला वं?"

 फाटक म्हणजे काय लांब होतं? मी दहा पावलांवर होते.

बाबांनी खिशातून चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेईचना. त्या गाडीच्या स्टिअरिंगवर त्यांनी आजवर कोणाला बसू दिलं नव्हतं, माझ्या भावालाही नाही. मी म्हटलं, "बाबा, गल्लीच्या टोकापर्यंत तुम्ही चालवा. मी धरते ना बाजूनं." ते म्हणाले, "पोरं खेळून राहिले तिकडे. तू बस." आणि स्वतः चाचपत पलीकडच्या दाराकडे गेले.

चालवली मी. पहिल्यांदा दोनदा बंद पडली, बाबांनी "क्लच, क्लच" करून जीव खाल्ला. रस्त्याला लागल्यावर मात्र ती अशी पळायला लागली की माझाच विश्वास बसेना. वळणावर रस्ता सोडत नव्हती, खाचेत ओढली जात नव्हती. वारा तोंडावर. बाबांनी एक हात दाराबाहेर काढला होता आणि तो खाली सोडून टायरचा आवाज ऐकत होते. वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा मी ओरडून सांगितलं, "बाबा, आली खापरखेड्याची चिमणी!" ते म्हणाले, "दिसली. बाजूनं दिसते."

कॉलनीच्या फाटकाबाहेर मी गाडी थांबवली. बाबा उतरले, गाडीला हात लावत लावत पुढच्या चाकापाशी आले आणि खाली बसले. नव्या टायरला धूळ लागली होती, खाचांमध्ये बारीक गिट्टी अडकली होती, कडेला शेण. मी म्हटलं आता सुरू होईल. आता म्हणतील फडकं दे, पाणी दे. त्यांनी टायरवर तळहात ठेवला. ठेवूनच राहिले. टायर गरम होता.

"चालला ना गा चांगला," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

बाबांनी मान वर केली. "मी काहून थांबलो होतो वं?"

रडत नव्हते, चिडलेही नव्हते. किती वाजले विचारावं तसं विचारलं. मी तोंड उघडलं. घरी, दुकानात, फोनवर, या सहा महिन्यांत मी त्यांना याच गोष्टीवरून किती बोलले असेन, किती ओरडले असेन, आणि आता माझ्याजवळ एक शब्द नव्हता. आई असती तर तिने काहीतरी सांगितलं असतं.

राखेचा एक ट्रक गेला, आम्ही दोघंही डोळे मिटून थांबलो. उघडले तेव्हा बाबा अजून उत्तराची वाट पाहत होते. माझ्या खांद्याच्या पलीकडे, रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. सरळ बघितलं असतं तर मी त्यांना दिसले नसते.